पिस्टन रिंगचे मॉडेल : तेल, घर्षण आणि वायूगळती एकत्र कशी मांडावी

सागरी इंजिनातली पिस्टन रिंग एकाच वेळी अनेक कामे सांभाळते. वर पेटलेल्या वायूला ती खाली उतरू देत नाही. लायनरच्या भिंतीवर ती तेलाचा पातळ थर पसरवते, जास्तीचे तेल खरवडून खाली नेते आणि पिस्टनची उष्णता लायनरकडे पोहोचवते. यातले एक काम बिघडले की बाकीचीही बिघडतात. डिझेल जास्त जाते, तेल जळते, धूर येतो आणि शेवटी लायनर बदलण्याची वेळ येते. रिंगचे हे वागणे गणिताने मांडून संगणकावर चालवता आले, तर इंजिन न उघडता बरेच काही कळू शकते.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले, अंधेरीचे सरदार पटेल महाविद्यालय, विद्याविहारचे सोमय्या किंवा पवईची आयआयटी अशा संस्थांत मेकॅनिकल शिकणारे आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दमदार विषय शोधणारे विद्यार्थी. दुसरे, जहाजावर एक-दोन करार करून आलेले आणि कांजूरमार्गला कार्यालय असलेल्या नौवहन महासंचालनालयाच्या परीक्षांची तयारी करणारे तरुण सागरी अभियंते. दोघांनाही एकच सांगायचे आहे. तेलाचा थर, घर्षण आणि वायूगळती हे तीन वेगळे धडे नाहीत, ती एकच गाठ आहे. ती एकत्रच सोडवावी लागते आणि सुरुवात धातूच्या मापांपासून करावी लागते.

प्रश्न आधी ठरवा

‘पिस्टन रिंगचे मॉडेल’ एवढ्यावर प्रकल्प उभा राहत नाही. तुम्हाला डिझेलची बचत पाहायची आहे, की रिंग-लायनरची झीज, की वायूगळती? प्रश्न बदलला की मॉडेलचा भरही बदलतो.

घर्षणात वाया जाणारी ऊर्जा मुख्यतः स्ट्रोकच्या मधल्या भागात जाते, कारण तिथे पिस्टनचा वेग जास्त असतो. झीज मात्र वरच्या टोकाशी, म्हणजे टीडीसीजवळ जास्त होते. तिथे वेग शून्यावर येतो, वायूचा दाब सर्वाधिक असतो आणि तेल तापून पातळ झालेले असते. म्हणून जुना लायनर मापला की सर्वांत जास्त घट वरच्या रिंगच्या उलटण्याच्या जागी सापडते. बचत हा प्रश्न असेल तर मधल्या भागातली चिकटता नीट मांडा. झीज हा प्रश्न असेल तर टीडीसीच्या आजूबाजूचे २०-३० अंश बारकाईने सोडवा. गळती पाहायची असेल तर रिंगच्या टोकांमधली फट आणि खाचेतली रिंगची हालचाल यांवर मेहनत घ्या.

कोणते इंजिन घ्यावे?

पहिल्या प्रयत्नाला मोठ्या जहाजाचे इंजिन घेऊ नका. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई इथल्या मच्छीमार बोटींवर ट्रकसाठी घडवलेली आणि सागरी वापरासाठी बदललेली डिझेल इंजिने मोठ्या संख्येने दिसतात. पावसाळी मासेमारी बंदीत, साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात, बोटी किनाऱ्यावर असतात आणि बरीच इंजिने दुरुस्तीसाठी उघडली जातात. जुन्या रिंगा, लायनर आणि ते वर्षानुवर्षे हाताळणारे मिस्त्री हे सगळे त्या दोन महिन्यांत एकाच ठिकाणी भेटतात. वर्सोव्यालाच १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थाही आहे. मासेमारी बोटींच्या कामकाजाची माहिती हवी असेल तर महाविद्यालयाचे पत्र घेऊन तिथे विचारणा करावी.

लहान आणि मोठ्या इंजिनातला फरक आकड्यांनी समजून घ्या. बोटीच्या इंजिनाचा बोअर १०४ मिमी, स्ट्रोक ११३ मिमी आणि फेरे मिनिटाला १,८०० धरा. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ६.८ मीटर येतो. आता जहाजाचे टू-स्ट्रोक इंजिन घ्या. बोअर ६०० मिमी, स्ट्रोक २,४०० मिमी, फेरे १०५. इथे वेग येतो ८.४ मीटर. दोन्ही वेग एकाच पट्ट्यातले आहेत. पण एक स्ट्रोक पुरा व्हायला लहान इंजिनात १७ मिलिसेकंद लागतात आणि मोठ्यात २८६, म्हणजे वायूला निसटायला मोठ्या इंजिनात सुमारे १७ पट अवधी मिळतो. टीडीसीला तेलाचा थर दबून पातळ व्हायलाही तेवढाच जास्त वेळ मिळतो. मोठ्या इंजिनात वायूरोधक रिंगांची संख्या जास्त का असते आणि वरच्या रिंगच्या जोडावर एवढी कारागिरी का केलेली असते, याचे मोठे कारण या हिशेबात आहे.

मापे घेतल्याशिवाय संगणकाला हात लावू नका

पुढील मापे स्वतः घ्या किंवा डोळ्यांदेखत घेतलेली पाहा.

१. रिंग लायनरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. ती वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी मोजा. वरची फट जास्त आली तर ती लायनरची झीज सांगते.

२. लायनरचा व्यास बोअर गेजने त्याच तीन जागी, क्रँकशाफ्टच्या दिशेने आणि तिच्या काटकोनात मोजा.

३. रिंगची उंची, जाडी आणि खाचेतली मोकळीक नोंदवा.

४. रिंगचा ताण मोजा. समजा, स्पर्शरेषेच्या दिशेने तो २० न्यूटन आहे आणि रिंगची उंची २.५ मिमी आहे. ताणाची दुप्पट करून तिला बोअर आणि उंचीच्या गुणाकाराने भागले की रिंग लायनरवर किती दाबाने बसते ते मिळते. इथे तो दाब सुमारे १.५ बार येतो. हा आकडा लक्षात ठेवा.

५. रिंगच्या तोंडाचा आकार महाविद्यालयाच्या प्रोफाइलोमीटरवर काढा. नव्या रिंगचे तोंड बहुधा किंचित फुगीर असते. हा फुगवटा काही मायक्रॉनचाच असतो, पण तेलाचा थर त्याच्याच जोरावर टिकतो. जुन्या आणि नव्या रिंगचे आलेख शेजारी ठेवा.

६. लायनरच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि होनिंगच्या आडव्यातिडव्या रेघांची अवस्था नोंदवा.

७. तेलाची चिकटता किमान दोन तापमानांना माहीत हवी. एसएई ४० तेल ४० अंशांवर सुमारे १४० ते १५० सेंटिस्टोक्स असते आणि १०० अंशांवर १४-१५. लायनरच्या वरच्या टोकाशी तापमान याहून बरेच जास्त असते. म्हणून संपूर्ण लायनरला एकच चिकटता देणे ही पहिल्याच पायरीवरची मोठी चूक ठरते. वरून खाली बदलणारे तापमान द्या आणि वोगेल किंवा वॉल्थरच्या सूत्राने प्रत्येक जागची चिकटता काढा.

पहिला भाग : वायूचा हिशेब

दोन रिंगांमधली पोकळी आणि रिंगमागची खाच या लहान लहान जागा आहेत. चाळीतल्या एकापुढे एक खोल्यांसारख्या त्या समजा. प्रत्येक भिंतीत एक चिंचोळे दार आहे. हे दार म्हणजे रिंगच्या टोकांमधली फट. सिलिंडरमधला वायू पहिल्या खोलीत शिरतो, तिथून दुसऱ्या खोलीत आणि शेवटी क्रँककेसमध्ये.

प्रत्येक खोलीसाठी एकच समीकरण लिहायचे. आत आलेला वायू वजा बाहेर गेलेला वायू म्हणजे साठ्यातला बदल. वायू अरुंद फटीतून जाताना भिंतीला लागून थंड होतो, म्हणून पोकळीतले तापमान भिंतीएवढे धरण्याची पद्धत रूढ आहे. दारातून जाणारा प्रवाह ऑरिफिसच्या सूत्राने काढा. पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या सुमारे ०.५३ पटीखाली गेला की प्रवाह कोंडतो आणि पलीकडचा दाब आणखी घटला तरी वाढत नाही. प्रोग्राममध्ये ही अट विसरली गेली तर गळतीचे आकडे भलतेच येतात.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण घ्या. फटीचे क्षेत्रफळ ०.०६ चौरस मिमी, वरचा दाब १०० बार, वायूचे तापमान ५०० केल्विन आणि प्रवाह गुणांक ०.६५. कोंडलेला प्रवाह सेकंदाला सुमारे ०.७ ग्रॅम येतो. फट दुप्पट झाली की तोही दुप्पट होतो. प्रत्यक्षात हा दाब क्षणभरच टिकतो, त्यामुळे एका फेऱ्यातली एकूण गळती फारच कमी असते.

रिंग खाचेत वर-खाली हलते, हेही मांडावे लागते. वायूचा दाब, रिंगचे जडत्व आणि लायनरवरचे घर्षण या तीन बळांच्या बेरजेवर रिंग खाचेच्या तळाला टेकते की छताला, हे ठरते. विस्ताराच्या स्ट्रोकच्या उत्तरार्धात कधी कधी दोन रिंगांमधला दाब सिलिंडरपेक्षा जास्त होतो. मग वरची रिंग उचलली जाते, वायू उलटा वर जातो आणि सोबत तेलही नेतो. ‘इंजिन तेल पितंय’ या तक्रारीचे एक मूळ इथे सापडू शकते.

दुसरा भाग : तेलाचा थर

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडलेले समीकरण हा या भागाचा कणा आहे. पातळ थरात दाब दोन कारणांनी तयार होतो. एक म्हणजे निमुळत्या जागेत तेल ओढले जाणे, दुसरे म्हणजे दोन पृष्ठभाग जवळ येताना तेल दाबले जाणे. स्ट्रोकच्या मध्यावर पहिले कारण प्रबळ असते. टीडीसीला वेग शून्य असतो, तिथे थर केवळ दुसऱ्या कारणावर तग धरतो. म्हणून दाबले जाण्याचे पद वगळलेले मॉडेल टीडीसीला थराची जाडी शून्य दाखवते आणि झीज अवास्तव फुगवते.

समीकरणात जाडी घनाच्या रूपात येते. थर निम्मा झाला की त्यातून तेल वाहणे आठपट अवघड होते. गणित त्यामुळे फार संवेदनशील बनते. क्रँकचा एकेक अंश पुढे जाताना उत्तर हेलकावे खाऊ लागले तर टीडीसीजवळ पायरी पाव अंशाची करा.

बाहेर पडणाऱ्या बाजूला तेलाचा थर फाटतो, तिथे ऋण दाब येऊ देऊ नका. सुरुवातीला रेनॉल्ड्सची सीमा-अट पुरते. पुढे तेलाचे वस्तुमान जपणारी एल्रॉडची पद्धत वापरा. दुसरी काळजी तेलाच्या पुरवठ्याची. मागच्या रिंगला पुढची रिंग सोडून जाईल तेवढेच तेल मिळते. प्रत्येक रिंगला भरपूर तेल आहे असे धरले तर थर खऱ्यापेक्षा जाड आणि चित्र खऱ्यापेक्षा गोड दिसते.

तिसरा भाग : घर्षण

थराची जाडी आणि दोन पृष्ठभागांचा एकत्रित खडबडीतपणा यांच्या गुणोत्तराला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा तीन-चारच्या वर असेल तर धातू धातूला लागत नाही. एकच्या खाली गेला तर बहुतेक भार खडबडीत टोकांवर येतो. मधल्या पट्ट्यात भार तेल आणि धातू यांच्यात वाटला जातो. या वाटणीसाठी ग्रीनवूड-ट्रिप यांचे संपर्काचे सूत्र आणि पतीर-चेंग यांचे १९७८ सालचे प्रवाह-गुणक वापरण्याची रीत आहे.

आता मापांच्या यादीतला १.५ बारचा आकडा काढा. टीडीसीला रिंगमागे १०० बारचा वायू येतो, म्हणजे रिंगला लायनरवर दाबणारे खरे बळ वायूचे आहे, स्वतःच्या ताणाचे नाही. तिन्ही भागांची गाठ इथेच पडते. वायूचा दाब थराची जाडी ठरवतो, जाडी घर्षण ठरवते, घर्षण रिंगची खाचेतली जागा ठरवते आणि ती जागा पुन्हा वायूची वाट ठरवते.

आपल्या इंजिनासाठी पाहू. रिंगच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ८.२ चौरस सेंमी आहे. मध्यावर थर ४ मायक्रॉन आणि चिकटता ०.००८ पास्कल-सेकंद धरली तर घर्षणबळ सुमारे १८ न्यूटन येते. टीडीसीला वायूचा निम्मा दाब पुढून तोलला गेला असे मानले, तरी उरलेल्या भारावर ०.१ गुणांकाने ४०० न्यूटन येतात. बळ वीसपटींहून जास्त, पण टीडीसीनंतरच्या १० अंशांत पिस्टन जेमतेम १ मिमी सरकतो. त्यात ०.४ ज्यूल जातात. स्ट्रोकभर सरासरी १० न्यूटन धरले तर एका स्ट्रोकला १.१ ज्यूल आणि चार स्ट्रोकना साडेचार ज्यूल जातात. बचत कुठे शोधायची आणि झीज कुठे, हे या दोन आकड्यांतून स्पष्ट होते.

गाठ सोडवण्याचा क्रम

आधी सिलिंडरमधला दाब क्रँकच्या प्रत्येक अंशाला द्या. त्यावरून वायूचे दाब काढा. मग थराची जाडी अंदाजाने घेऊन रेनॉल्ड्सचे समीकरण सोडवा आणि रिंगवरची बाहेरची व आतली बळे जुळेपर्यंत जाडी सुधारत राहा. घर्षण काढा, ते रिंगच्या हालचालीत परत द्या आणि वायूचा हिशेब पुन्हा करा. असे पूर्ण चक्र दोन-तीन वेळा चालवा. चक्राच्या शेवटची जाडी सुरुवातीच्या जाडीशी जुळली की उत्तर स्थिरावले.

सायलॅब किंवा पायथन या मोफत साधनांवर हे सगळे जमते. आयआयटी मुंबईच्या फॉसी आणि स्पोकन ट्यूटोरियल या प्रकल्पांतून त्यांचे शिक्षण मोफत मिळते, मराठीतूनही. महागड्या सॉफ्टवेअरसाठी थांबायचे कारण नाही.

पडताळणी

उत्तर आले म्हणून आनंद मानू नका. आधी प्रोग्राम तपासा. साध्या तिरप्या पॅडसाठी आत येणाऱ्या बाजूची जाडी बाहेरच्या बाजूच्या २.१९ पट असताना भारक्षमता सर्वाधिक असते. तुमच्या प्रोग्रामनेही हाच आकडा द्यायला हवा. सगळ्या फटी बंद केल्या की गळती शून्य आली पाहिजे. जाळी दुप्पट बारीक केली तर उत्तर फारसे हलता कामा नये.

नंतर इंजिनाशी जुळवा. क्रँककेसच्या ब्रीदरवर प्रवाह मोजून वायूगळती पाहता येते. मोजलेली आणि गणिताची गळती वेगळी आली तर प्रवाह गुणांक हवा तसा फिरवून आकडे जुळवू नका. आधी फट पुन्हा मोजा, व्हॉल्व्हच्या दांड्याच्या कडेने वायू येतो का ते पाहा. मिस्त्रीलाही विचारा. कोणता सिलिंडर आधी जातो आणि रिंग कुठल्या बाजूने घासते, हे त्याला हाताने माहीत असते.

मोठ्या इंजिनाकडे जाताना

जहाजाच्या टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरचे तेल वेगळे असते आणि ते लुब्रिकेटर मोजून सोडतो. त्यामुळे तेलाचा पुरवठा हाच मॉडेलचा मुख्य आकडा बनतो. १०,००० किलोवॅटच्या भाराला दर किलोवॅट-तासाला ०.८ ग्रॅम तेल धरले, तर दिवसाला १९२ किलो लागते. कमी दिले तर रिंग घासते. जास्त दिले तर पैसा जातो, राखेचे थर साचतात आणि लायनरचे पॉलिशिंग होण्याचा धोका वाढतो.

तेलाला आणखी एक काम असते. इंधनातल्या गंधकापासून बनणारे आम्ल त्याला मारायचे असते. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली. तेलाची आम्ल मारण्याची क्षमता बीएन (बेस नंबर) या आकड्याने सांगतात. त्यामुळे कमी गंधकाच्या इंधनाला कमी बीएनचे तेल आणि स्क्रबर लावून जड इंधन जाळणाऱ्या जहाजाला जास्त बीएनचे तेल, अशी निवड करावी लागते. निव्वळ रेनॉल्ड्सच्या मॉडेलला आम्लाची झीज दिसत नाही. म्हणून लायनरच्या तळाशी गोळा होणाऱ्या तेलातले लोह आणि उरलेला बीएन यांच्या नोंदी मॉडेलशेजारी ठेवाव्यात. पोर्टमधून रिंगा तपासायला स्कॅव्हेंज जागेत जाताना इंजिन पूर्ण बंद आणि अडवलेले आहे, इंडिकेटर कॉक उघडे आहेत, टर्निंग गिअर जोडलेला आहे आणि परवाना हातात आहे, याची खात्री केल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

एका इंजिनाची, एकाच सिलिंडरची, फक्त वरची रिंग घ्या आणि ती नीट सोडवा. तीन रिंगांचे अर्धवट मॉडेल करण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे आहे. येत्या पावसाळी बंदीत जवळच्या बंदरावर जा, परवानगी घेऊन एक जुनी रिंग मिळवा आणि तिची मापे वहीत उतरवा. तुमच्या गणिताने वर्सोव्यातल्या एखाद्या तांडेलाला रिंगा कधी बदलाव्यात हे चार महिने आधी सांगितले, तर त्याचे डिझेल वाचेल, हंगाम वाचेल आणि तुमची पदवी सार्थकी लागेल.